पाण्यात उभा राहणारा पाटकरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते विचारू नका. आमच्या गावात कुणालाही विचारलं तर तो आपल्या आजाच्या आजापर्यंत जातो आणि तिथं थांबून म्हणतो, त्याच्याही आधीची. तेव्हा नागझिरी नदी बारा महिने वाहायची. तिच्यावर दगडी बंधारा होता, आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट आमच्या वडाळखेड्याच्या शेतांमधून वळत वळत पार शेपटाला जायचा. शेपूट म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. पाणी तिथं दमून पोचतं, आणि कधी कधी पोचतच नाही.

त्या शेपटाला भिवसनचं शेत होतं, आणि भिवसन गावाचा पाटकरी होता. पाटाचं पाणी वाटून देणारा तो पाटकरी. आज कुणाची बारी, उद्या कुणाची, कुणाचं दार उघडायचं आणि कुणाचं मातीनं बुजवायचं, सगळं त्याच्या हातात. आता पाणी ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. पाटकरी करायचा तो शेपटाचाच. बंधाऱ्याजवळच्या माणसाला केलं तर आपलं रान भिजलं की तो घोंगडी ओढून झोपेल. शेपटाच्या माणसाला झोपून चालत नाही. त्याच्या रानात पाणी आलं म्हणजे वरच्या सगळ्यांना मिळालंच.

दुसरी रीत त्याहून अवघड. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. त्या दिवशी पाटकऱ्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि गावातल्या कुणीही त्याला काहीही विचारायचं. शेवटचं उत्तर दिल्याशिवाय पाण्याबाहेर पाय काढायचा नाही. तो खोटं बोलला तर त्याच्या घोट्याशी पाणी गढूळ होतं, असं म्हणतात.

एका आखाजीला केसरआजी काठी टेकत आली. म्हणाली, "भिवसन, माझी वांगी खुरटली आणि शेजारणीची तरारली. पाणी कुणीकडं वळवलंस रे?"

"आजी, दोघींना सारखंच दिलं. पण तुझी म्हैस तुझी वांगी खाते. तिला विचार."

"मग तिला उभी कर पाण्यात."

"ती तर रोजच उभी असते. उत्तर तेवढं देत नाही."

झोक्यावरच्या पोरी हसून हसून खाली पडायच्या बेतात आल्या. गर्दीत भिवसनची लेक ठगूही होती. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मरणाला ठकवायला तिचं नाव ठगू ठेवलं होतं. नवरा गेल्यावर ती परत बापाकडं आली होती. तिनं नुसतं विचारलं, "बा, दमलास का?"

"नाही गं."

आणि पाणी गढूळ झालं. भिवसनच्या पायाशी पाणी गढूळ झालं ते एवढं एकदाच, असं म्हणतात.

पाणी सोडायची त्याची पद्धत ठरलेली होती. बंधाऱ्याचं दार उघडायचं, पाटात उतरायचं आणि हाळी द्यायची, "पोचलं का गं, ठगू?" ही हाळी एका शेतातला दुसऱ्या शेतातल्याला, दुसरा तिसऱ्याला, अशी पार शेपटाला जायची. तिथं ठगू बांधावर बसलेली असायची. पाणी पोचलं की ती म्हणायची, "पोचलं, बा." ते उत्तर तसंच शेताशेतातून परत वर यायचं. तोवर भिवसन पाण्यातच. ऊन असो, थंडी असो, उत्तर आल्याशिवाय तो कधी बाहेर आला नाही.

पण रीत कितीही चांगली असली तरी माणसाला तिचा कंटाळा येतो.

एक साल पाऊस कमी झाला. पाणी कमी असलं की शेपटाला आधी द्यायचं, असा नियम होता. तानकू पाटलाचा ऊस अगदी बंधाऱ्याला लागून. पाणी त्याच्या दारावरून जायचं आणि ऊस तहानलेला राहायचा. पाटील चिडला. त्या आखाजीला प्रश्नाला प्रश्न, भांडणाला भांडण लागत गेलं. घरोघरी ताकं आंबली, पुरणपोळ्या वातड झाल्या, तरी कुणाचं संपेना. मग पाटील बांधावर चढला.

"हे दर वर्षीचं झालं. थोरल्या गडावर आपले महाराज आहेत. त्यांचा इथं ना ऊस, ना वांगी. बंधाऱ्याच्या दाराला कुलूप घालू आणि किल्ली त्यांच्याकडं देऊ. त्यांचा हुकूम आला की पाणी सुटेल. आपलं आपसातलं भांडण कायमचं संपलं."

लोकांना ते पटलं. केसरआजीलाही पटलं. पाय दुखत होते सगळ्यांचे. भिवसन पाण्यातूनच म्हणाला, "भांडण संपेल, पाटील. पण उद्या भांडायची वेळ आली तर कुणाशी भांडायचं?"

लोक हसले. त्यांना वाटलं, भिवसनआबा गंमत करतोय.

महाराज वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. गोष्टीतला राजा वाईट केला की गोष्ट सोपी होते, पण ही गोष्ट तेवढी सोपी नाही. महाराजांनी वडाळखेड्याचं ऐकलं, मग गडाच्या वाटेवरच्या इतर गावांनीही तेच मागितलं, आणि महाराजांनी सगळ्यांना सारखी लोखंडी कुलपं पाठवली. किल्ल्या गडावर एका मोठ्या कडीत अडकवल्या. कोणती कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा धागा बांधला.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. हुकूम यायचा, घोडेस्वार कुलूप उघडायचा, पाणी यायचं, कुलूप परत लागायचं. आखाजीला पाटात कुणी उभं राहिलं नाही. लोक पोटभर जेवले आणि दुपारी झोपले. गावात इतकी शांतता की पानं पडलेली ऐकू यावीत. भिवसन एकटाच जुन्या सवयीनं बंधाऱ्यावर जाऊन बसायचा आणि ठगू शेपटाला. कुणी हाळी दिली नाही, कुणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी गडावर धो धो पाऊस झाला. महाराजांनी खिडकीतून पाहिलं, सगळीकडं हिरवंगार. म्हणाले, यंदा पाण्याची निकड नाही, बंधारे भरलेले राहू द्या. हुकूम चांगलाच होता. पण तो गडावरच्या आभाळाकडं बघून काढलेला होता, आणि आमचं आभाळ निराळं होतं. इकडं थेंब नव्हता. बंधाऱ्यात आदल्या सालचं पाणी तुडुंब, त्यावर शेवाळ धरलेलं, आणि कुलपाच्या खालच्या अंगाला पाट भेगाळलेला. लोक यायचे, कुलपाकडं बघायचे, परत जायचे. कुलपाला काय विचारणार? तानकू पाटलाचा ऊसही वाळला. पाटील तिथंच दगडावर डोकं धरून बसला.

शेपटाच्या लोकांनी गाड्या जुंपल्या. जातं, पाटा-वरवंटा, कोंबड्यांची खुराडी, सगळं गाड्यांत चढलं. भिवसनची भावकी ठगूला म्हणाली, "चल पोरी, इथं काय उरलंय?"

ठगू बांधावरून उठली नाही. "पाणी सुटलं आणि बानं विचारलं, तर उत्तर कोण देईल?"

"अगं, सुटेल तेव्हा ना."

"म्हणून तर बसलेय."

तिला एकटीला टाकून जाणं कुणाला जमेना. म्हणाले, येत्या अमावस्येपर्यंत थांबू, त्यापुढं नाही. जुंपलेले बैल सोडले, पण गाड्यांवरचं सामान उतरवलं नाही.

गावातले तरणे लोक पहार घेऊन भिवसनकडं आले. "आबा, तू हो म्हण. कुलूप तोडतो."

भिवसन म्हणाला, "तोडाल. मग पुढच्या साली ज्याच्याकडं मोठी पहार, त्याचं पाणी. मी विचारून येतो."

"कुणाला विचारून येतोस?"

"ज्यानं कुलूप लावलं त्याला."

त्यानं बंधाऱ्यातलं पाणी एका घागरीत भरलं, डोक्यावर घेतलं आणि गडाची वाट धरली. ऊन असं की पाखरं झाडावरून उतरत नव्हती. पण घागरीतला एक थेंब हिंदकळला नाही आणि तहान लागली तरी त्यानं त्यातलं घोटभर प्यायलं नाही, असं म्हणतात.

दरबारात त्यानं घागर खाली ठेवली आणि एक परात मागितली. पितळेची मोठी परात आली. त्यानं पाणी परातीत ओतलं आणि हात जोडले.

"महाराज, आमच्याकडं पाणी सोडणारा माणूस पाण्यात उभा राहून उत्तर देतो. आता पाणी तुम्ही सोडता. एवढ्या लांब तुम्ही कशाला याल, म्हणून पाणीच आणलंय."

दरबारी मिशीत हसले. कारभारी म्हणाला, "म्हाताऱ्या, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?" पण महाराज हसले नाहीत. त्यांना आजवर मागणारे पुष्कळ भेटले होते, विचारणारा कुणी भेटला नव्हता. त्यांनी जोडे काढले, सोगा वर खोचला आणि परातीत उभे राहिले.

भिवसननं विचारलं, "महाराज, वडाळखेड्याच्या शेपटाला कोण बसलंय?"

महाराजांनी कारभाऱ्याकडं पाहिलं. कारभाऱ्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. दुसरा छताकडं बघू लागला.

"मला ठाऊक नाही," महाराज म्हणाले.

"मग पाणी पोचलं की नाही, हे तुम्हाला कोण सांगतं?"

महाराजांनी पायाखालच्या पाण्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढी गावं आहेत रे माझ्याकडं. कुणाकुणाच्या पाण्यात उभा राहू मी?"

"नाही राहता येणार, महाराज. मलाही नसतं जमलं. शेजारच्या गावाच्या शेपटाला कोण बसलंय ते मलासुद्धा ठाऊक नाही. तेवढंच सांगायला आलो होतो. तुम्ही राज्य करा, चोरापासून राखा, पूर आला तर धान्य धाडा. पण किल्ली आमची आम्हाला द्या."

महाराज परातीतून बाहेर आले तेव्हा परात कोरडी ठणठणीत होती. सगळं पाणी त्यांच्या तळपायांत मुरलं होतं, आणि पुढं जन्मभर रयतेचं काही ऐकायला बसले की त्यांचे पाय ओले व्हायचे, असं म्हणतात.

त्यांनी किल्ल्यांची कडी मागवली. आणि तिथं घोटाळा झाला. दोन पावसाळ्यांत रंग विटून सगळे धागे एकाच रंगाचे झाले होते, धुळीच्या रंगाचे. कोणती किल्ली कुठल्या गावाची, कुणालाच सांगता येईना. महाराज म्हणाले, "सगळी कडीच घेऊन जा. ज्याची त्याला दे."

भिवसननं कडी खांद्यावर घेतली. वाट आमच्याकडं येते ती वाटेतल्या सगळ्या गावांना धरून येते, आणि वडाळखेडं अगदी शेवटी. जसं पाटाचं शेपूट, तसं आमचं गाव त्या वाटेचं शेपूट. पहिल्या गावाच्या बंधाऱ्यावर तो एकेक किल्ली हातात धरत गेला, आणि एक किल्ली घाम फुटल्यासारखी ओली झाली. तीच कुलपाला लागली. मग प्रत्येक गावात तसंच. ज्या गावाची किल्ली असेल ती त्या गावाच्या बंधाऱ्यावर ओली व्हायची, असं म्हणतात. तो दार उघडायचा, किल्ली गावाच्या हातात ठेवायचा, आणि शेपटाकडून उत्तर येईपर्यंत तिथंच पाण्यात उभा राहायचा. मगच पुढं. खांद्यावरची कडी हलकी होत होती आणि तो जड होत चालला होता. इकडं चंद्राची कोर रोज बारीक होत होती.

बातमी पुढं पोचली. तानकू पाटील घोडा दौडवत समोर आला. "आबा, बस घोड्यावर. आधी आपलं गाव. ठगू तिथं एकटी बांधावर आहे, अमावस्येला गाड्या निघतील."

ठगूचं नाव ऐकून भिवसन क्षणभर थांबला. म्हणाला, "आपली किल्ली यातली कोणती, ते मला ठाऊक नाही."

"बंधाऱ्यावर गेल्यावर कळेलच की."

"कळेल. पण मधल्या गावांवरून त्यांच्या किल्ल्या खुळखुळवत कसा जाऊ, पाटील? तिथंही कुणाची तरी ठगू बसली असेल."

पाटील घोड्यावरून उतरला. त्यानं कडी घोड्याच्या पाठीवर टाकली आणि लगाम धरून भिवसनबरोबर चालू लागला. कुणी म्हणतं, सगळ्या वाटेत पाटील रडत होता. मी काही तिथं नव्हते.

अमावस्येला सकाळी दोघं बंधाऱ्यावर आले. कडीत एकच किल्ली उरली होती. तिनं कुलूप उघडलं. भिवसन पाटात उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली, "पोचलं का गं, ठगू?"

हाळी शेताशेतातून गेली. पाणी मात्र जाईना. पाटाच्या भेगा इतक्या खोल की पाणी हातभर पुढं जायचं आणि वावभर खाली मुरायचं. दुपार झाली. शेपटाला गाड्या जुंपल्या. बैलांनी माना खाली घातल्या. ठगू बांधावरच होती, डोळे मिटून, जमिनीला कान लावून. बंधाऱ्यावर पाटील म्हणाला, "आबा, बाहेर ये, थोडं टेक. मी उभा राहतो."

"उत्तर येऊ दे."

"दमलास तू."

"हो," भिवसन म्हणाला. पाणी स्वच्छ होतं.

दिवस कलला आणि गाड्यांची चाकं फिरली. तेवढ्यात ठगूच्या कानाखालची माती गार झाली. मग ओली झाली. मग तिच्या बोटांवरून पाणी गेलं. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या अंगातला आवाज काढून ओरडली, "पोचलं, बा, पोचलं."

गाड्या जागच्या जागी थांबल्या. उत्तर एका शेतातून दुसऱ्या शेतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, वर वर येत राहिलं. ते नीट ऐकायला पाटलानं पाटाकडं पाठ केली आणि कानाला हात लावला. "पोचलं" हा शब्द ऐकला, हसला आणि वळला.

पाटात कुणी नव्हतं. काठावर पागोटं होतं, काठी होती आणि रिकामी घागर होती. पाणी शांतपणे शेपटाकडं चाललं होतं.

ठगू पाटाकाठानं धावत आली. तिनं सगळ्यांना एकच विचारलं. "त्यानं ऐकलं का?"

कुणी म्हणालं, ऐकलं असेल. कुणी म्हणालं, तो पाण्याबरोबरच तुझ्याकडं आला असेल, पोरी. ठगूनं पाटलाकडं पाहिलं. पाटलानं मान खाली घातली.

पुढच्या आखाजीला तानकू पाटील आपण होऊन पाटात उतरला. ठगूनं सगळ्या गावासमोर तोच प्रश्न विचारला. "बानं ऐकलं का?"

पाटील म्हणाला, "मला ठाऊक नाही. माझी पाठ होती." पाणी स्वच्छ राहिलं. मग ठगूनं त्याला पाण्याबाहेर येऊ दिलं. त्यानंतर गावानं तिलाच पाटकरी केलं. एवढं गाव एका बाईच्या शब्दावर पाणी प्यायलं ते तेव्हापासून.

आता नागझिरी तशी उरली नाही. वर धरण झालं, आणि पाणी कधी सुटायचं ते कुठंतरी लांब ठरतं. साहेब बदलतात, फोन लागत नाही, लागला तर वरून आदेश नाही म्हणतात. ते साहेबही काही वाईट नसतात. बहुतेक आखाज्यांना पाट कोरडाच असतो.

पण आखाजीला आमच्याकडं अजून पाटाच्या तोंडाशी पितळेची परात मांडतात. प्रत्येक घरातून तांब्याभर पाणी येतं आणि परात भरते. गावचा जो कुणी सरपंच असेल, बाई असो की बुवा, त्यानं चपला काढून तिच्यात उभं राहायचं आणि विचारेल त्याला उत्तर द्यायचं. आमच्या वसाबाई सरपंच झाल्या तेव्हा नळाच्या पाण्यावरून तास दीड तास उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "बायांनो, माझ्या पायांची आता खरंच भजी झाली," तरी कुणी सोडलं नाही. एखादा सरपंच येतच नाही. मग भरलेली परात तशीच राहते, आणि सगळे येता-जाता तिच्याकडं बघतात. त्याला ते घरात बसून बरोबर कळतं.

पितरांसाठी घरोघरी घागर भरतात, तशी त्या दिवशी एक घागर गावाची म्हणून भिवसनआबाच्या नावानं भरतात. मग वरून कुणीतरी हाळी देतं, "पोचलं का गं, ठगू?" शेपटाला जिचं घर असेल ती त्या दिवसापुरती ठगू. तिनं खरं तेच सांगायचं. पाणी असेल तर पोचलं. नसेल तर, "नाही पोचलं, बा." गेली कित्येक वर्षं तेच उत्तर वर येतंय, आणि ते ऐकल्यावर मंडळी लगेच तालुक्याला जायला निघतात, भांडायला. पुरणपोळी नंतर.

पण निघायच्या आधी घटकाभर सगळे थांबतात. पोरी झोके थांबवतात. त्यानं ऐकलं का, ते ऐकायला. जुनी माणसं सांगतात, एखाद्या वर्षी पाटातून "ऐकलं" असं येतं. मीही दर वर्षी कान लावून बसते. भिंतीपलीकडं कुणाच्या घरात काय कुजबुजतात ते मला इकडं चुलीपाशी ऐकू येतं, सगळ्या आळीला माहीत आहे. पण तेवढं एक मला अजून ऐकू आलेलं नाही.